कोंबड्यांच्या वाटीतल्या अकरा जागा

डिसेंबरातल्या एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, माझी भाची जगदेवी हिचा गुलबर्ग्याहून फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, "मामा, एकादी चूक आपल्याबिगर कुणालाच दिसायली नसंल, तर ती सांगावी का?"

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "कुणाची चूक?"

"असंच इचारायले."

असंच म्हणून काही विचारणारी ही मुलगी नव्हे. ही जन्माची काळजीखोर. शाळेत निघताना दप्तर तीनदा उघडून बघणार. बसमध्ये बसल्यावर खाली उतरून पाटी पुन्हा वाचणार. कुलूप लावलं की ओढून बघणार, दहा पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढणार. मी चिडवायचो, की बाई, तुझ्यामुळं एखादा चोर उपाशी मरायचा. त्या दिवशी चिडवायचं सुचलं नाही.

मी रविकुमार. बिदरच्या कोळार औद्योगिक भागात पाइपाच्या कारखान्यात एकवीस वर्षं मशीनवर आहे. गोणीतून पॉलिथिलीनचा दाणा येतो, त्यात काळा रंग मिसळायचा, मशीन तो वितळवते आणि पलीकडून काळा पाइप सरकत बाहेर येतो. हा दाणा कुठून येतो, कसा होतो, याची मला एकवीस वर्षांत एकदाही उत्सुकता वाटली नाही. गोणी वेळेवर आली की झालं. आणि माझ्याच थोरल्या बहिणीची मुलगी पाच वर्षं त्या दाण्याच्या मुळाशी जाऊन बसली होती.

जगदेवी ठाणाकुशनूरची. तिचे वडील तुळजाराम दाजी पोरपणी दुसऱ्यांची मेंढरं राखायचे, आता तीन एकर कोरडवाहू आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात रोजानं. आई तानुबाई, माझी अक्का. अक्काला अक्षर येत नाही, पण धान्य निवडण्यात तिचं नाव आसपासच्या पाच गावांत. कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी तिला बोलावणं यायचं. सकाळच्या उन्हात भिंतीला पाठ लावून बसायची, मांडीवर ताट, शेजारी एक वाटी. चांगला दाणा ताटात, खडा अंगणात, आणि किडका, काळा, वाकडा, अर्धा दाणा वाटीत. ती वाटी कोंबड्यांची. अक्कानं निवडलेल्या डाळीत कुणाच्या दाताखाली खडा आला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

सहा वर्षांची असल्यापासून जगदेवी तिच्या शेजारी बसायची. अक्काचं शिकवणं एका वाक्याचं. "इचार करीत बसलं की खडा दाळीत जातो. वाकडं दिसलं की वाटीत." पोरीनं ते असं उचललं, की दहाव्या वर्षी तिची बोटं आईपेक्षा भरभर चालायची. मग ती सातवीपर्यंत मराठीत शिकली, पुढं कन्नडमधे, बिदरला बी.एस्सी. झाली आणि गुलबर्ग्याला पीएच.डी.ला लागली. बोर्डावर कलबुर्गी लिहिलेलं असतं, आमच्या तोंडात गुलबर्गाच बसलंय.

तिचं काम बघायला मी एकदा गेलो होतो. मला वाटलं, रसायनाचं संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या, धूर, वास. एक बाटलीसुद्धा नाही. खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक पाण्याचा माठ.

मी म्हणालो, "जगे, तुझी भट्टी कुटं हाय?"

"हीच की," असं म्हणून तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

मग तिनं मला समजेल असं सांगितलं, आणि मला ते समजलं याचा मला आजही अभिमान आहे. इथिलीन नावाचा एक वायू. त्याचे कण एकमेकांना जोडत गेलं की लांबच लांब साखळी होते, तीच आमच्या गोणीतली वस्तू. पण हे कण आपण होऊन जुळत नाहीत, त्यांना जुळवणारा लागतो. तो जुळवणारा म्हणजे उत्प्रेरक. तिच्या कामात तो क्रोमियमचा एकेक अणू होता, आणि त्याला बसायला जागा सिलिकाची. सिलिका म्हणजे वाळूचीच भावकी, पण अशी की तिच्यात काही शिस्त नाही. एक जागा उंच, एक सखल, एक अडचणीची. क्रोमियम दोन पाय टेकून बसतो आणि प्रत्येक जागी निराळा बसतो. दोन जागा सारख्या सापडत नाहीत. म्हणून ती कॉम्प्युटरात अशा एकशे बासष्ट जागा मांडून, वायूचा कण त्या क्रोमियमला जुळताना किती उंच उंबरठा ओलांडतो, ते एकेका जागेसाठी काढत होती. एका जागेला चार-पाच दिवस लागायचे, आणि मोठ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची रांग. कधी रांगेतच आठवडा जायचा. मधेच लाइट गेली, किंवा गणित जुळेना म्हणून कॉम्प्युटरनंच हात टेकले, की पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात ती जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवायची आणि दर दोन घासांनी बघायची.

तर त्या बुधवारच्या फोनवर तिनं पुढं काही सांगितलं नाही. रविवारी मी आणि अक्का जाणारच होतो. त्यानंतरच्या गुरुवारी तिचं शेवटचं व्याख्यान होतं. पाच वर्षांचं काम सगळ्या साहेबांपुढं मांडायचं आणि मग प्रबंध द्यायचा. अक्का चार दिवस आधीच माझ्याबरोबर निघाली. तिच्याजवळ कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घडी न मोडलेलं एक लुगडं. दाजी गुरुवारी सकाळी गावातली सात-आठ माणसं जीपमध्ये घेऊन येणार होते. गावातून इतकं शिकलेली ही पहिलीच, आणि दाजींनी हे कुणाला सांगायचं शिल्लक ठेवलं नव्हतं.

रविवारी दुपारी अक्का देवळात गेली. मी जगदेवीच्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीत टेकलो, तशी तिनं दार लोटून घेतलं.

चार महिन्यांपूर्वी तिचा लेख एका परदेशी मासिकाकडं गेला होता. तिथं नाव न सांगणारे जाणकार लेख तपासतात. त्यातल्या एकानं लिहिलं होतं, की तुमच्या गणिताप्रमाणं हा उत्प्रेरक जवळजवळ मेलेला आहे, खऱ्यापेक्षा हजारपट हळू. पण जगभर कारखाने त्यावर चालतात. हे कसं? तिच्या सरांना, राजशेखर सरांना, वाटलं की गणिताची पद्धतच ढोबळ आहे, तसं एक उत्तर लिहून देऊ. जगदेवी मान डोलावून आली, पण तिची झोप उडाली. मग तिला आठवलं, की आपण अकरा जागा काढून टाकल्या आहेत.

"काढल्या म्हंजे?" मी विचारलं.

तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. एका कप्प्याचं नाव होतं 'कोंबड्या'.

मला हसू आलं आणि तिचा चेहरा बघून ते गेलं. एकशे बासष्ट जागा मांडून झाल्यावर तिनं त्या एकेक करून डोळ्यांखालून घातल्या होत्या. जिथं क्रोमियमचे पाय नको तितके फाकलेले, अंग पिळवटलेलं, जिथं गणित लवकर जुळेना, ती जागा तिला किडक्या दाण्यासारखी दिसली. मांडतानाच बिघडली असेल म्हणून तिनं ती उचलली आणि बाजूच्या कप्प्यात टाकली. पुसली नाही. आमच्यात निवडून काढलेला दाणा कुणी फेकत नाही, तो वाटीत जातो. असल्या अकरा जागा. उरलेल्या एकशे एक्कावन्नांवर सगळा प्रबंध उभा होता.

"आनि हे लेखात लिवलं न्हाईस?"

"न्हाई."

"कामून?"

तिनं कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडं वळवून घेतला. मग म्हणाली, "मामा, दाळीची आमटी कशी करायची हे माय कुणाला सांगती, तवा आदी दाळ निवडून घ्या म्हनती का? ते तर धरूनच असतंय. मला लिवायचं सुचलंच न्हाई. लपवायचं म्हनून न्हाई, खरंच सुचलं न्हाई."

मी तिला ओळखतो. ते खरंच होतं. पण बाहेरच्या माणसाला ते कसं पटावं?

त्या जाणकाराचं पत्र आल्यावर तिनं अकरातली एक जागा गुपचूप गणिताला लावली होती. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. उत्तर आलं, तर तिथला उंबरठा इतका खाली, की तिचा विश्वास बसेना. पुन्हा लावली. तेच. आणि उंबरठा जरा जरी खाली आला, तरी साखळी जुळायचा वेग पटीपटीनं वाढतो. म्हणजे ती एक वाकडी जागा शंभर सरळ जागांपेक्षा जास्त काम करणार.

"गावात पाचशे मानसं असत्यात," ती म्हणाली, "पन लग्नाचा मांडव घालनारे चारच. मी त्या चौघाला घरी बसवले आनि बाकीच्याची सरासरी काढून बसले, की ह्या गावात मांडव उभा राहत न्हाई."

तिला भीती कशाची होती, ते मग तिनं स्पष्ट सांगितलं. हे सांगितलं तर व्याख्यान रद्द. लेख परत घ्यावा लागेल. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपते, पुढची सोय नाही. आणि सर म्हणतील की आवडले ते आकडे ठेवलेस, नावडले ते लपवलेस. असा शिक्का बसलेल्या माणसाला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. पाच वर्षं पाण्यात. आणि नाही सांगितलं, तर कुणालाच कधी कळणार नाही.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "मग गप बस की. गुरुवार होऊ दे. नंतर बघता येतंय."

"मामा, तुमी मशीनवर असा खराब पाइप सोडताव का?"

मी भडकलो. "पाइपाचं येगळं, मानसाचं येगळं. तुझ्या बापानं जीप सांगितलीया. गावाला काय तोंड दावनार त्यो?" आणखीही बरंच बोललो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकून घेत राहिली. मला राग तिचा आला नव्हता. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी ओरडतो. एवढ्यात अक्का प्रसाद घेऊन आली आणि बोलणं तिथंच थांबलं.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं खोलीतून निघालो. जगदेवीनं कुलूप लावलं आणि सरळ चालायला लागली. ओढून बघितलं नाही. तेव्हाच मला कळलं की ही आज सांगणार. कुलूप मीच ओढून बघितलं.

राजशेखर सरांच्या खोलीबाहेर एक बाक होता. जगदेवी आत गेली आणि आम्ही बहीणभाऊ बाकावर बसलो. दाराला काच होती, त्यातून तिची पाठ दिसायची. बोलणं कन्नडमध्ये चाललेलं, मधे इंग्रजी. अर्धा तास झाला. सर एकदा उठून खिडकीशी गेले, पुन्हा येऊन बसले. अक्का म्हणाली, "रवी, ही पोरगी रडायली का काय? खरं सांग, काय झालंय?"

मी सांगितलं. जागा, उंबरठा वगैरे सगळं सोडून एवढंच, की तिनं अकरा दाणे वाकडे म्हणून वाटीत टाकले, आणि खरं काम करणारे तेच होते.

अक्कानं दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "वाकडं दिसलं की वाटीत. मीच शिकिवलंय ते तिला." मी म्हणालो, अक्का, तसं काही नसतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं सरांनी दार उघडून आम्हाला आत घेतलं. "अम्मा, बैठो," अक्काला म्हणाले. माणूस उंच, बोलणं तुटक. पडद्यावर तो कप्पा उघडाच होता आणि त्याच्या नावाचा अर्थ त्यांना सांगून झाला असावा. जगदेवीचे डोळे लाल होते.

सर आमच्याशी दखनी हिंदीत बोलले. त्यांचं म्हणणं असं, की काढून टाकल्याचा राग नाही, कुणीही काढलं असतं, कदाचित मीही. लिहिलं नाही, याचा राग आहे. मग तिच्याकडं वळून म्हणाले, की तू डाळीचं उदाहरण देतेस ते बरोबर आहे. पण इथं लोक जेवायला येत नाहीत. तीच डाळ पुन्हा शिजवून बघायला येतात.

व्याख्यान रद्द झालं. लेख परत घेतोय असं पत्र सरांनी आमच्यासमोर लिहिलं. अकराच्या अकरा जागा पुन्हा गणिताला लावायच्या, आणि मग काय ते बघू. मार्चनंतर तुझं काय, ते मला आज सांगता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. निदान खोटा धीर दिला नाही. लपवलंस असंही म्हणाले नाहीत. तेवढ्यावर आम्ही बाहेर पडलो.

दाजींना फोन मी केला. ते बराच वेळ हूं हूं करत राहिले, मग म्हणाले, "बरं, जीपवाल्याला सांगतो." गावात त्यांनी तारीख पुढं गेली एवढंच सांगितलं. पण गावाला काय सांगायला लागतं? बस स्टँडवर एकानं त्यांना विचारलं, पोरगी नापास झाली म्हणे. दाजी त्या माणसाशी अजून बोलत नाहीत.

मार्चनंतर जगदेवीनं गुलबर्ग्याची खोली सोडली आणि बिदरला माझ्या घरी राहायला आली. सकाळी बारावीच्या मुलांची शिकवणी घ्यायची, दुपारी लॅपटॉप उघडून रांग बघायची. तिच्या अकरा जागा त्या रांगेत. शिष्यवृत्ती संपलेल्याचा नंबर सगळ्यात मागे. कधी पंधरा-पंधरा दिवस काही हलायचं नाही. मी कामावरून आल्यावर तिचा चेहरा बघूनच ओळखायचो की आजही काही नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं. मला एकच धास्ती होती, की अकराही किडकेच निघाले तर? एकच जागा चांगली निघाली होती, तीही कदाचित चुकून. मग हिनं हातातलं घालवलं ते कशासाठी?

आणि तिकडं अक्कानं निवडणं सोडलं. उन्हाळ्यात लग्नं होती, बोलावणी आली. अक्का प्रत्येकाला सांगायची, आता डोळ्याला दिसत नाही. तिचे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा एका दमात ओवते. घरची डाळसुद्धा ती शेजारणीकडून निवडून घ्यायला लागली, आणि मी गेलो तर माझ्या पानात खडा आला. मी तो गुपचूप ताटाखाली सारला. आयुष्यात पहिल्यांदा अक्काच्या घरी माझ्या दाताखाली खडा आला, आणि मला भरून आलं.

एकेक करत दिवाळीपर्यंत अकरा उत्तरं आली. सात खरोखर बिघडलेल्या. चार खऱ्या. त्या चारातल्या दोन अशा, की आता धरलेल्या एकशे पंचावन्न जागांचं जवळजवळ सगळं काम त्या दोघीच करतात. त्या धरून गणित मांडलं, तर हजारपटीचा फरक तीनपटीवर आला. जगदेवीनं मला आकडे दाखवले आणि लगेच ते पहिल्यापासून पुन्हा तपासायला बसली. राजशेखर सरांनी दोन दिवस घेऊन सगळं तपासलं आणि फोनवर म्हणाले, ठीक आहे. एवढंच. पण व्याख्यानाची तारीख दिली, जानेवारीतला एक गुरुवार. प्रबंधात आता एक वाक्य आहे, की अकरा जागा लेखिकेनं नुसत्या नजरेनं बघून वगळल्या होत्या, आणि त्यातल्या चार वगळणं चूक होतं. उरलेल्या सात वगळण्याची कारणं खाली एकेक करून दिली आहेत.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी मी तिला घेऊन ठाणाकुशनूरला गेलो. नवी तूर निघाली होती, डाळ भरडून आणलेली. सरांसाठी दोन किलो न्यायची, असं दाजींनी ठरवलेलं. जगदेवी ओट्यावर बसून व्याख्यानाचे कागद पाचव्यांदा लावत होती. अक्कानं पोतं उघडलं, थोडा वेळ उभी राहिली, आणि वर्षभरानं ताट घेऊन भिंतीशी बसली. दाजी उगीच गोठ्याकडं निघून गेले.

तिची बोटं आधी अडखळत चालली, मग लागली चालायला. तासाभरात डाळ झाली. एरवी ती उठून वाटी अंगणात रिकामी करते. आपलं निवडलेलं तिनं जन्मात कुणाला तपासू दिलेलं नाही, सासूलाही नाही. त्या दिवशी ती वाटी घेऊन ओट्याशी आली आणि पोरीच्या कागदांवरच ठेवली.

"एकदा तू बघ," म्हणाली.

जगदेवीनं वाटीकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग कागद बाजूला सारून वाटी ताटात ओतली आणि एकेक दाणा बोटानं सरकवत बघायला लागली. घाई केली नाही. काळा, किडका, अर्धा, पोचट. अक्का पदर तोंडाशी धरून उभी होती. आम्हाला अकरा जागांच्या निकालाची जेवढी धास्ती वाटली होती, तेवढी मला त्या दहा मिनिटांत तिच्या तोंडावर दिसली.

शेवटचा दाणा सरकवून जगदेवीनं सगळे पुन्हा वाटीत भरले.

"माय, समदे कोंबड्याचेच हायत," ती म्हणाली. "एकबी चुकला न्हाई तुझा."

अक्कानं वाटी घेतली आणि अंगणात जाऊन कोंबड्यांना हाक मारली.